पार्किंग दंड : हरकत व दाद

गाडी चुकीच्या जागी उभी केल्याबद्दल झालेला दंड अमान्य करून पोलिसांकडे वा न्यायालयात मागितलेली दाद. सर्वसाधारण आधार मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम १७७ : पहिल्या गुन्ह्यास कमाल ५०० रु., पुढच्यास १,५०० रु.

महाराष्ट्रात पहिली पायरी म्हणजे महाट्रॅफिक ॲपवर वा वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार. चलनासोबतचा फोटो तेथेच दिसतो आणि प्रकरणाचा जीव बहुधा त्यातच असतो. नंबरप्लेट ठळक, पण ‘नो पार्किंग’चा फलक, चौक, शेजारचे दुकान यांतले काहीच नाही, असा फोटो गाडी कोणाची एवढेच सांगतो, ती कुठे उभी होती हे नाही. मालकाने जागेचा पूर्ण फोटो तारीख-वेळेसह जोडावा. ‘फलक नव्हता’ हा बचाव मात्र सगळीकडे टिकत नाही. पदपथावर, बसथांब्याजवळ, रुग्णालयाच्या दारासमोर फलकावाचूनही मनाई असते.

दंड भरला की कलम २०० प्रमाणे प्रकरण मिटते. आधी भरून मग भांडता येत नाही. लोकअदालतीत जाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तेथे रक्कम कमी होऊ शकते, पण ती तडजोड. दंड मुळात चुकीचा होता हे तेथे ठरत नाही, आणि पुढे अपीलही नाही. खरा वाद दंडाधिकाऱ्यापुढेच. पाचशे रुपयांसाठी धंदा बुडवून तारखेला कोण जातो, हा व्यावहारिक भाग निराळा.

इलेक्ट्रॉनिक पुरावा : केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १६७अ (२०२१) प्रमाणे यंत्राने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते, तारीख, वेळ, ठिकाण व मोडलेले कलम तीत हवे. पोलिसाच्या हातातील मोबाइलला हा नियम कितपत लागू, यावर दोन्ही बाजूंनी बोलले जाते. वाहतूकदारांच्या संपाच्या सुमारास, जुलै २०२५ मध्ये, राज्याच्या वाहतूक पोलिसांना खासगी मोबाइलवर असे फोटो काढण्यास वरिष्ठांनी मनाई केली.

टोइंग : मनाईच्या जागेवरील गाडी उचलण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने द्यायचा असतो (कलम १२७).