दास, भुजिस्स आणि १९३८ चे 'काळे बिल'

दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात मगधराज अजातशत्रू तथागतांना विचारतो की, श्रामण्याचे याच जन्मी दिसणारे फळ कोणते? तथागत उत्तरादाखल त्याच्याच वाड्यातील एका दासाचे उदाहरण घेतात. हा दास धन्याच्या आधी उठतो, धन्याच्या नंतर निजतो, काय आज्ञा होते याची वाट पाहत राहतो. त्याच्यासाठी पाळीत 'मुखुल्लोकक' असा शब्द आहे. धन्याच्या तोंडाकडे पाहत असणारा, असा त्याचा अर्थ. हा मनुष्य उद्या प्रव्रजित झाला तर त्याला पुन्हा दास्यात ओढून आणाल काय, असे तथागत विचारतात. राजा म्हणतो, नाही, उलट आम्हीच उठून त्याला वंदन करू. याच सुत्तात पुढे पाच नीवरणांच्या विवेचनात दास्याची उपमा पुन्हा येते. दास हा पराधीन, हवे तिकडे जाऊ न शकणारा. दास्यातून सुटलेला तो 'भुजिस्स', अत्ताधीन आणि 'येनकामंगम', म्हणजे इच्छेस येईल तिकडे जाणारा. येथे मारहाणीचा किंवा उपासमारीचा उल्लेखही नाही. धनी दयाळू असला तरी दास हा दासच राहतो, कारण त्याला काम सोडून जाता येत नाही.

मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात दहा वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन विधेयकांना ही कसोटी लावून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. त्या काळी बाबासाहेबांच्या मनात हे सुत्त होते, असे मी म्हणत नाही. त्यांनी युक्तिवाद केला तो कायदेपंडिताच्या भाषेत. परंतु त्यांचा प्रश्न मात्र तोच होता.

पहिले विधेयक त्यांचे स्वतःचे. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मुंबई कायदेकौन्सिलात मांडले. महार वतनदाराची स्थिती आपल्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आहे. सरकारी कामाची हाक रात्री-अपरात्री केव्हाही येई. तो स्वतः हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला जावे लागे. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते. ज्याला हे काम नको असेल त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा, जमीन राखावी आणि चाकरीतून मोकळे व्हावे, हा त्या विधेयकातील महत्त्वाचा भाग होता. हे विधेयक १९२९ मध्ये त्यांना मागे घ्यावे लागले. महार वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या अधिनियमाने.

दुसरे विधेयक सरकारचे, आणि तेही लोकनियुक्त सरकारचे. बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत औद्योगिक कलह विधेयक आणले. मालक आणि मजूर यांच्यातील तंटे तडजोडीने मिटावेत, उद्योगात शांतता नांदावी, असा त्याचा सांगितलेला हेतू होता, आणि तो वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. १९२९ च्या मध्यवर्ती कायद्याने पूर्वसूचनेची अट पाणी, वीज, रेल्वे यांसारख्या लोकोपयोगी सेवांपुरती ठेवली होती. नव्या विधेयकाने सूचना आणि सक्तीची तडजोड ही पायरी सर्वसाधारण उद्योगांनाही लावली. ती पुरी होण्यापूर्वी केलेला संप बेकायदेशीर आणि शिक्षेस पात्र ठरणार होता. शिवाय मालकाची मान्यता असलेल्या संघटनेला नोंदणीसाठी थोडे सभासद पुरत. मान्यता नसलेलीला त्याहून पुष्कळ अधिक लागत. कोणती संघटना वाढावी हे ठरविण्यात मालकाचाही हात राहणार, असा याचा सरळ अर्थ होतो.

१५ सप्टेंबर रोजी बाबासाहेब या विधेयकावर बोलले. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा. नोकरीचा करार मोडणे हा फार तर दिवाणी स्वरूपाचा दोष आहे. त्याबद्दल नुकसानभरपाई मागता येईल, तुरुंग दाखविता येणार नाही. मनुष्याला त्याच्या इच्छेविरुद्ध, शिक्षेच्या धाकाने कामावर ठेवणे म्हणजे त्याला गुलाम करणे होय. आपली सेवा कोणत्या अटींवर द्यावी हे ठरविण्याच्या स्वातंत्र्याचेच दुसरे नाव संप. या विधेयकाला खरे नाव द्यायचे तर ते मजुरांच्या नागरी स्वातंत्र्याच्या स्थगितीचा कायदा असे द्यावे लागेल, असेही त्यांनी सांगितले. स्वराज्य हा ज्यांनी जन्मसिद्ध हक्क मानला, त्यांनीच मजुराचा काम नाकारण्याचा हक्क गुन्ह्याच्या सदरात घालावा, ही विसंगती त्यांनी सभागृहापुढे ठेवली.

ब्रिटिश अमदानीतच एक गोष्ट घडून गेली होती, ती येथे ध्यानात घ्यावयास हवी. १८५९ च्या कायद्याने आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला व मजुराला फौजदारी शिक्षा होत असे. तो कायदा आणि त्याच धाटणीची भारतीय दंडसंहितेतील ४९० व ४९२ ही कलमे १९२५ मध्ये रद्द झाली. म्हणजे परकीय राजवटीने जे सोडून दिले, ते स्वकीय मंत्रिमंडळ निराळ्या रूपात परत आणीत होते.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांच्या प्रभावाखालील कामगार संघटना यांनी तो मिळून पुकारला. या दोहोंतील मतभेद सर्वश्रुत होते आणि ते नंतरही राहिले. परंतु त्या दिवशी ते बाजूला ठेवले गेले. पोलिसांनी गोळीबार केला. कामगारांनी त्याला 'काळे बिल' म्हटले तरी ते १९३८ चा पंचविसावा अधिनियम म्हणून कायद्याच्या पुस्तकात गेलेच.

पाळीच्या अभ्यासकाने येथे एक अडचणीची गोष्ट लपवू नये. विनयपिटकाच्या महावग्गात दासाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. ऋणकऱ्यालाही नाही आणि राजाच्या सैनिकालाही नाही. सैनिकांविषयीचा नियम बिंबिसाराच्या विनंतीवरून झाला. दासाविषयीची कथा अशी की, पळून आलेल्या एका दासाला भिक्षुवेषात पाहूनही धन्यांनी हात लावला नाही, कारण शाक्यपुत्रीय श्रमणांना कोणी काही करू नये अशी बिंबिसाराची आज्ञा होती. मग लोकांनी कुरकुर केली आणि नियम झाला. सुत्तपिटकातील राजा ज्याला वंदन करतो, त्याला विनयपिटक दारातच थांबविते. राज्य आणि संपत्ती यांच्याशी संघाला करावी लागलेली ही तडजोड आहे, असेच मी मानतो. तिचे समर्थन करण्याचे कारण नाही.

मात्र नियम कसा करावा याबद्दल विनय फार काटेकोर आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी भिक्षुसंघाला संसदीय पद्धती ठाऊक होती असे सांगितले, ते अक्षरशः खरे आहे. ञत्तिचतुत्थ कर्मात आधी ठराव मांडावयाचा आणि मग तो तीनदा ऐकवावयाचा. ज्याला मान्य त्याने गप्प राहावे, ज्याला अमान्य त्याने बोलावे. विधेयकाच्या तीन वाचनांची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. मौनाला संमती मानण्यापूर्वी एक अट आहे: सीमेतील सर्व भिक्षू हजर हवेत, आजाऱ्याची संमती कोणीतरी आणलेली हवी. अपुऱ्या संघाने केलेले कर्म ते 'वग्गकम्म', आणि ते वैध नव्हे.

२३ सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेने औद्योगिक संबंध संहितेचे विधेयक संमत केले तेव्हा विरोधी पक्षांचा कामकाजावर बहिष्कार होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात संपाची पूर्वसूचना लोकोपयोगी सेवांपुरतीच होती. या संहितेने ती सर्व औद्योगिक आस्थापनांना लावली. सूचना दिल्यावर चौदा दिवस थांबावयाचे, आणि तडजोडीचे काम चालू असेपर्यंत व त्यानंतर सात दिवस संप करावयाचा नाही. बेकायदेशीर संपात उतरणाऱ्या कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता अमलात आली.