वळचण नसलेलं घर

गेले तीन शनिवार मी एका जुन्या ट्रेलरच्या छताशी, शिडीवर उभा राहून, प्लॅस्टिकच्या पट्टीने सिलिकॉन खरवडतोय. ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं, आत दोन पलंग आणि एक शेगडी असलेलं चाकांवरचं घर. इथे अमेरिकेत त्याला सरसकट कॅम्पर म्हणतात. मी आणि एका मित्राने अर्धे-अर्धे पैसे घालून साठच्या दशकातला एक घेतला. घेताना रंग पाहिला, टायर पाहिले, शेगडी पेटवून पाहिली. छताची कड कोणी पाहिली नाही! पहिल्या पावसानंतर मागच्या कोपऱ्यातलं लाकूड दाबून पाहिलं तर बोट आत गेलं. चहात जरा जास्त वेळ राहिलेलं बिस्कीट असतं ना, अगदी तसं.

मग नेहमीची सवय. बग सापडला की तो कधी आणि का शिरला हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. शोधता शोधता थेट १९२९ पर्यंत मागे गेलो.

आर्थर शर्मन हा डेट्रॉइटचा एक जीवाणुशास्त्रज्ञ, औषधं बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख. त्या वर्षी त्याने सुट्टीसाठी एक घडीचा तंबू-ट्रेलर विकत घेतला. म्हणे काही मिनिटांत उभा राहतो. प्रत्यक्षात तो उभा करताना वादळी पाऊस आला आणि बायकोमुलांसकट सगळे चिंब भिजले. वैतागून त्याने स्वतःच एक पक्क्या भिंतींची पेटी बनवून घेतली. भिंतींना मेसोनाइट, म्हणजे लाकडाच्या ढलप्या वाफेने फोडून, दाबून केलेला बोर्ड (तोही तेव्हा नवाच, १९२४ चा शोध). मुलांनी गमतीने तिला 'कव्हर्ड वॅगन' नाव दिलं. जानेवारी १९३० मध्ये त्याने ती डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात मांडली, किंमत ४०० डॉलर. १९३६ पर्यंत त्याची कंपनी देशातली सगळ्यात मोठी ट्रेलर बनवणारी कंपनी झाली होती. म्हणजे बघा, हा अख्खा धंदा एका कुटुंबाच्या भिजण्यातून सुरू झाला. आणि पक्की पेटी केल्यावर पाणी यायचं थांबलं का? नाही. फक्त ते दिसेनासं झालं.

इथे जरा थांबून मूळ मुद्दा सांगतो. 'आढ्याचं पाणी वळचणीला' असं आपण म्हणतो. कोकणातल्या घराचं छप्पर भिंतीच्या बाहेर हात-दीड हात आलेलं असतं, ती वळचण. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. छप्पर आणि भिंत जिथे भेटतात त्या सांध्यापर्यंत पाणी पोचतच नाही, त्यामुळे तो सांधा कसाही असला तरी चालतो. कॅम्परला वळचण देता येत नाही. रस्त्यावर रुंदी ठरलेली, आणि ताशी शंभर किलोमीटरने जाताना बाहेर आलेलं छप्पर वारा उचकटून नेईल. त्यामुळे छप्पर भिंतीच्या बरोबर डोक्यावर संपतं. घरात जे काम आकार करतो ते इथे लुकणाने करायचं. कॅम्परचा पुढचा सगळा इतिहास मला या एका उणिवेभोवती फिरताना दिसतो.

सुरुवातीला उत्तर आलं रेल्वे आणि बोटींकडून. लाकडी छतावर रंगाचा जाड थर द्यायचा, तो ओला असतानाच त्यात कॅनव्हास ताणून बसवायचा, कडेवरून खाली घेऊन पट्टीखाली दाबायचा आणि वरून पुन्हा रंग. सांधा कॅनव्हासच्या खाली झाकला जातो. पद्धत उत्तम, पण रंग नियमाने द्यायला हवा. आपल्याकडे पावसाळ्याआधी कौलं चाळायचे, शाकारणी करायचे, तसंच. सुट्टीची गाडी वर्षातले अकरा महिने अंगणात पडून असते. तिची शाकारणी कोण करतो?

दुसरं उत्तर आलं विमानांकडून, आणि ते मला सगळ्यात आवडतं. हॉली बोलस हा ग्लायडर बनवणारा माणूस. लिंडबर्गने ज्या विमानातून अटलांटिक पार केला त्याच्या बांधणीवरही त्याची देखरेख होती. त्याने १९३४ मध्ये रिव्हेट मारलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा 'रोड चीफ' ट्रेलर काढला. त्याचा धंदा बुडाला, पण तीच कल्पना घेऊन वॉली बायम याने १९३६ मध्ये एअरस्ट्रीमचा 'क्लिपर' आणला. तो चंदेरी, अंड्यासारखा ट्रेलर तुम्ही सिनेमात पाहिला असेल. लोक त्याच्या देखणेपणाबद्दल बोलतात. मी आता त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो: त्याला छताची कडच नाही! छप्पर वळत वळत भिंत होतं. सांधे आहेत, शेकडो रिव्हेट आहेत, दोन्ही टोकांना पाकळ्यांसारखे तुकडे जोडलेत आणि तिथे तो गळतोही. पण सांगाडा आणि कातडं एकाच धातूचं असल्याने दोन्ही बऱ्यापैकी बरोबरीने फुगतात आणि आकसतात. किंमत मात्र १२०० डॉलर. मंदीच्या काळात हे किती जणांना परवडणार?

म्हणून युद्धानंतर जे लाखांनी विकले गेले ते स्वस्तातले: आत लाकडी सांगाडा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. आमचा त्यातलाच. याची कड अशी असते. छताचा पत्रा बोटभर खाली दुमडतात, बाजूच्या पत्र्यावर टेकवतात, मध्ये लुकण भरतात आणि वरून पन्हळीसारखी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळतात. ही पन्हळ म्हणजे वळचणीची इवलीशी नक्कल. आणि स्क्रू दर काही इंचांवर, म्हणजे पाणी अडवायच्या जागी आपणच ओळीने भोकं पाडलेली.

आता हिशोब बघा. पाच मीटर लांब पत्रा, दुपारी उन्हात ६० अंश, पहाटे २०. चाळीस अंशांच्या फरकाने अ‍ॅल्युमिनियम साडेचार मिलिमीटरच्या आसपास लांबतं. लाकूड तंतूंच्या दिशेने त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणजे रोज, अगदी अंगणात उभ्या असलेल्या ट्रेलरमध्येसुद्धा, पत्रा लाकडावर सरकतो. मध्ये भरलेलं लुकण जुन्या काळी आपण खिडकीच्या काचांना लावायचो त्या लांबीच्या जातीचं: खडूची पूड आणि अळशीचं तेल. तेल सुकलं की ते दगड होतं, आणि दगडाला सरकता येत नाही. केसाएवढी चीर पडली की पाणी केशाकर्षणाने आपणहून आत ओढलं जातं. स्क्रू गंजतो, त्याच्या भोवतीचं लाकूड कुजतं, पकड सुटते, पट्टी सैल होते आणि आणखी पाणी. बाहेरून हे काहीच दिसत नाही.

खरं औषध आलं ब्यूटिल रबराच्या रूपाने. १९३७ मध्ये स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी ते शोधलं, आणि हवा धरून ठेवतं म्हणून ते आधी टायरच्या ट्यूबमध्ये गेलं. त्याची लुकणाची फीत वाळत नाही. वर्षानुवर्षं च्युइंग गमसारखी चिवट राहते आणि पत्र्याबरोबर सरकते.

एका माणसाने मात्र प्रश्नच बदलला. कॅनडातल्या विनिपेगचा रे ओलेको आधी फायबरग्लासची हलकी सेप्टिक टाकी बनवत होता. १९६८ मध्ये त्याने तसेच दोन अर्धे साचे करून, एकावर एक ठेवून, तेरा फुटी 'बोलर' ट्रेलर काढला. सांधा छताच्या कडेला नाही, थेट कंबरेला. पाणी आत ठेवणारी टाकी उलटी केली की पाणी बाहेर ठेवणारं घर! :-) तरी खिडक्या आणि छतावरचा झरोका गळायचे ते गळतातच.

मोठ्या कॅम्परना ऐंशीच्या दशकापासून रबराची चादर अंथरू लागले. छप्पर अखंड झालं, पण चादर कुठेतरी संपतेच. कुठे? त्याच कडेला, त्याच पट्टीखाली, त्याच स्क्रूंनी. स्क्रू झाकायला वर प्लॅस्टिकची फीत, जी उन्हाने आकसते. असो.

आता आमची चूक. पहिल्या गळतीनंतर मी दुकानातून सिलिकॉनची नळी आणून सगळ्या पट्ट्यांवर वरून ओढली. आधीच्या मालकानेही तेच केलं होतं. सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धड नाही, आणि वरून तोंड बंद केल्याने आत शिरलेलं पाणी आतच राहिलं. कोपरा कुजण्यात माझा वाटा किती, हे मित्राने अजून विचारलेलं नाही. विचारेल.

गळती शोधायची युक्ती मात्र झकास आहे. खिडक्या बंद करून झरोक्यातून पंख्याने हवा आत कोंडायची आणि कडेवर साबणाचं पाणी फिरवायचं. सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवायचा तेच तत्त्व. आमच्या डाव्या कडेला अकरा ठिकाणी बुडबुडे आले. ती पट्टी उतरवून, गंजके स्क्रू काढून, खालचं लाकूड बदलून ब्यूटिलवर पुन्हा बसवली आहे. काल पुन्हा साबण फिरवला, एकच बुडबुडा, झरोक्याजवळ. पुढच्या शनिवारी उजवी बाजू.