सरळ रेषेत कापणारी वाटोळी करवत

फळीवर पेन्सिलीने सरळ रेषा मारायला अर्धा मिनिट लागतो. त्याच रेषेवरून करवत चालवून दोन सरळ तुकडे मिळवायला सुताराच्या मुलाला निदान दोन वर्षे उमेदवारी करावी लागते. असे का, हा प्रश्न कार्यानुभवाच्या तासाला विचारण्यासारखा आहे. बहुतेक मुले सांगतात, "हात थरथरतो म्हणून." मग पुढचा प्रश्न विचारावा : ज्या यंत्रात हाताचा संबंधच नाही, ते यंत्र तरी सरळ कापते का?

पट्टी करवत, म्हणजे आपण ज्याला सर्रास बँडसॉ म्हणतो ते यंत्र, याचे उत्तम उदाहरण आहे. दोन चाके, त्यांवरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी आणि मध्ये एक टेबल. गिरणीच्या पट्ट्यासारखी ही पट्टी सतत एकाच दिशेने फिरते. हल्ली मलकापूर-कऱ्हाडच्या परिसरातही एखादा हौशी कारागीर घरामागच्या शेडमध्ये असे छोटे यंत्र आणून बसवू शकतो. यंत्र आणले की काप आपोआप सरळ येईल अशी त्याची समजूत असते. पहिल्याच दिवशी काप रेषा सोडून डावीकडे किंवा उजवीकडे जातो, आणि दोष यंत्राचा की माणसाचा हे कळत नाही. याचे उत्तर त्या यंत्राच्या इतिहासात दडलेले आहे.

कल्पना १८०८ ची, करवत १८४६ नंतरची

यंत्रे येण्यापूर्वी मोठा ओंडका चिरायला दोन माणसे लागत. ओंडका उंच घोडीवर किंवा खड्ड्यावर ठेवायचा, एकाने वर उभे राहायचे, दुसऱ्याने खाली. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा. करवत एका दिशेने जाताना कापायची आणि परत येताना नुसतीच यायची. म्हणजे निम्मी हालचाल फुकट.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये चकतीची गोल करवत आली. १७७७ मध्ये सॅम्युअल मिलर याने तिचे पेटंट घेतले. ही करवत एकाच दिशेने फिरत असल्यामुळे फुकट हालचाल उरली नाही. पण तिची एक मर्यादा होती : चकतीच्या त्रिज्येपेक्षा खोल काप ती घेऊ शकत नाही. जाड ओंडक्याला मोठी चकती हवी, आणि मोठी चकती डुलू नये म्हणून ती जाडही हवी. जाड चकती म्हणजे रुंद खाच, आणि रुंद खाच म्हणजे लाकडाचा भुसा.

हे नुकसान किती, याचे गणित मुलांना घालता येईल. ३०० मिलिमीटर जाडीच्या चौकोनी ओंडक्यातून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या आहेत. खाच ६ मिलिमीटरची असेल तर ९ फळ्या निघतात. खाच २ मिलिमीटरची असेल तर ११ निघतात. झाड तेच, पण दोन फळ्या जास्त.

पातळ, लांब आणि न थांबणारी करवत हवी असेल तर उपाय एकच : पातळ पट्टीची दोन टोके जोडून तिचे कडे करायचे आणि ते दोन चाकांवर फिरवायचे. लंडनच्या विल्यम न्यूबेरी याने १८०८ मध्ये नेमके हेच सुचवून पेटंट घेतले. पाठ्यपुस्तकी पद्धतीने लिहायचे तर इतिहास येथे संपतो : पट्टी करवतीचा शोध – न्यूबेरी, १८०८. एक गुण.

प्रत्यक्षात ही करवत पुढची चाळीसेक वर्षे व्यवहारात येऊ शकली नाही. पट्टी तुटत असे, आणि विशेषतः सांध्यावर तुटत असे.

कारण समजून घेऊ. आजच्या घरगुती यंत्राचे चाक सुमारे ३५० मिलिमीटर व्यासाचे आणि पट्टी अर्धा मिलिमीटर जाडीची धरा. चाकावर वळताना पट्टीची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. हा ताण पट्टीची जाडी भागिले चाकाचा व्यास या प्रमाणात असतो. येथे सुमारे सातशेत एक. पोलादाच्या बाबतीत याचा अर्थ दर चौरस मिलिमीटरला जवळजवळ २८५ न्यूटन. चाक सोडून पट्टी सरळ झाली की हा ताण नाहीसा होतो आणि दुसऱ्या चाकावर पुन्हा येतो. पट्टी २.६ मीटर लांब असेल आणि सेकंदाला १५ मीटर वेगाने धावत असेल, तर तिचा प्रत्येक भाग सेकंदाला ११ ते १२ वेळा वाकतो. तासाला ४० हजारांहून जास्त वेळा, पंचवीस तासांत दहा लाख वेळा! एकदा वाकवून न तुटणारी तार वारंवार वाकवली की तुटते, हे प्रत्येक मुलाने करून पाहिलेले असते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. जोडलेला सांधा जाड, कडक किंवा ठिसूळ राहिला तर थकव्याचा पहिला तडा तेथेच जाणार.

हा सांधा सोडवला तो फ्रान्समधल्या एका महिलेने. आन पॉलीन क्रेपँ हिने १८४६ मध्ये पट्टीची टोके जोडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढे तिचे हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीला दिले. पेरँ कंपनीने या सांध्याला अधिक चांगल्या पोलादाची आणि पाणी देण्याच्या सुधारलेल्या पद्धतीची जोड दिली. तेव्हा कुठे पट्टी करवत कारखान्यात उभी राहिली. जर्मनीत ऑगस्ट व्योलर याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून धातूच्या थकव्याचे पद्धतशीर मोजमाप केले ते १८५० आणि १८६० च्या दशकांत. म्हणजे थकव्याचा सिद्धान्त लिहिला जात होता तेव्हा पॅरिसचे कारागीर त्याच्याशी झुंजून मार्ग काढतच होते. कारागिरी पुढे आणि सिद्धान्त मागून, असे विज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे.

पट्टी चाकावरून घसरत का नाही?

चाकाला खोबण नाही, कडेला भिंत नाही, तरीही पट्टी घसरत नाही. नीट पाहिले तर या यंत्रांच्या चाकावरील रबरी आवरण मध्यभागी किंचित फुगीर असते. सामान्य अंदाज असा, की फुगीर पृष्ठावरून पट्टी उतारावर घसरेल. घडते उलटे : पट्टी चढावर चढते.

हा प्रयोग वर्गात होतो. कागदाचे दोन एकसारखे कप तोंडाला तोंड लावून चिकटवा. म्हणजे मधला भाग जाड होईल. त्यांतून एक सरळ काडी आरपार घाला. काडी दोन टेकूंवर ठेवून कपांभोवती कापडी फीत ताणून धरा आणि कप फिरवा. फीत बाजूला ठेवली तरी काही फेऱ्यांत ती मधल्या जाड भागाकडे सरकते. कारण फीत उतारावर टेकताच ती किंचित तिरपी वळते, आणि तिचा नवा येणारा भाग आधीच्या भागापेक्षा थोडा वर, जाड भागाकडे टेकतो. असे करत करत ती माथ्यावर पोहोचते. तेथे दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते आणि ती स्थिरावते.

याचा सरळ कापाशी थेट संबंध आहे. पट्टी माथ्याच्या पुढे किंवा मागे बसली तर तिची सपाट बाजू किंचित तिरपी होते, आणि दात्यांचे तोंडही तिरपे होते. हा तिरपेपणा फक्त एका अंशाचा असला तरी ३०० मिलिमीटर लांबीच्या कापात पाच मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. वरचे चाक पुढेमागे कलवण्याचा एक स्क्रू यंत्राला असतो. तो थोडा थोडा फिरवून पट्टी योग्य जागी आणायची असते. कित्येकजण यंत्र बदलतात, पण हा स्क्रू फिरवत नाहीत.

मिरजेचा कान

आता ताणाकडे वळू. लाकूड पुढे रेटले की ते पट्टीच्या दात्यांना मागे ढकलते. पट्टी तुळईसारखी मागे वाकते आणि तिची दात्यांकडची कड दाबली जाते. दाबलेली पातळ कड सरळ राहत नाही, बाजूला पळते. कागदाचा उभा कपटा कडेने दाबून पाहा. पट्टी आधीच भरपूर ताणलेली असेल तर हा दाब त्या ताणातून वजा होतो आणि कड ताणलेलीच राहते. म्हणून पुरेसा ताण ही सरळ कापाची पहिली अट.

हा ताण थोडाथोडका नसतो. १२ मिलिमीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड पट्टीला दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटन ताण द्यायचा, तर तिला ६०० न्यूटनने, म्हणजे सुमारे ६० किलो वजनाइतके ओढावे लागते. पट्टीच्या दोन बाजू असल्यामुळे वरच्या चाकाच्या आसावर १२० किलोंचा भार येतो.

हा ताण मोजायचा कसा? येथे सांगली जिल्ह्यातलाच एक इतिहास उपयोगी पडतो. मिरजेत तानपुरे आणि सतारी बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून ती सुरू झाल्याचे सांगितले जाते. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींची मागणी ओसरली तेव्हा या हातांनी लाकूड आणि तारा हाती घेतल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पोलाद जाणणारे हात तारेचा ताण कानाने जोखू लागले, यात आपल्याला शिकण्यासारखे काही आहे.

तारेचा नियम करवतीच्या पट्टीलाही लागू पडतो. यंत्र बंद करून, प्लग काढून, पट्टीच्या मोकळ्या बाजूला मागच्या कडेशी बोटाने छेडले तर ती गुणगुणते. मोकळी लांबी ६० सेंटिमीटर आणि ताण दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटन असेल तर कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ९४ येते. पुरुष गायकाच्या खर्जातला स्वर. गंमत म्हणजे पट्टी रुंद की अरुंद याने स्वर फारसा बदलत नाही, कारण रुंदीबरोबर तिचे वजन आणि ओढही त्याच प्रमाणात वाढते. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ताण दीडपट केला तर कंपनसंख्या ११५ होते, म्हणजे आधीचा स्वर सा मानला तर नवा स्वर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये पडतो. एकदा यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे योग्य ताण दिला आणि तो स्वर पेटीवर जुळवून लिहून ठेवला, की पुढे मापकाची गरज उरत नाही. काम करताना पट्टी तापून लांबते आणि स्वर उतरतो. वरच्या चाकाखाली स्प्रिंग असते ती ही तूट भरून काढण्यासाठीच.

बाकीच्या चार गोष्टी

पट्टीला बाजूने आधार देणारे गाइड लाकडाच्या जितके जवळ आणता येतील तितके आणावेत. आधारांमधले अंतर निम्मे केले की पट्टीचे वाकणे निम्म्याहूनही कमी होते. उघडी राहिलेली पट्टी बोटांचीही वैरी असते, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा मुद्दा.

दाते आलटून पालटून डावीउजवीकडे वाकवलेले असतात. एका बाजूचे दाते बोथट झाले तर काप धारदार बाजूकडे ओढला जातो. फळीत लपलेल्या एका खिळ्यानेही हे होते. अशा पट्टीवर कोणताही स्क्रू फिरवून उपयोग नाही. ती बदलावी किंवा धार लावावी.

जाड लाकडाला मोठे दाते हवेत. १५० मिलिमीटर जाडीत इंचाला ३ दाते असलेल्या पट्टीचे १८ दाते एका वेळी कापत असतात, तर इंचाला १४ दाते असलेल्या पट्टीचे ८० हून जास्त. दात्यांमधल्या बारीक जागा भुशाने भरून जातात, मग भुसा बाजूला दाटतो आणि पट्टीला ढकलतो.

शेवटी, लाकडाला घाई करू नये. रेटा वाढला की कड पळते, हे वर पाहिलेच.

एक गुणाचे उत्तर

मलकापूरजवळून वाहत कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली. त्याच्याही आधी, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर नांगरांचा कारखाना उभा केला होता. ओतकामाच्या कारखान्यात प्रत्येक लोखंडी भागाआधी त्याचा लाकडी पॅटर्न बनतो. लोखंड थंड होताना साधारण शंभरात एक भाग आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो. पॅटर्नमधली चूक प्रत्येक ओतीव भागात उतरते. सरळ आणि मापात कापणे ही तेथे हौस नसते, शेकडो शेतकऱ्यांच्या नांगरांचा तो प्रश्न असतो.

आपल्या प्रश्नपत्रिकेत "शोध कोणी लावला?" या प्रश्नाला एक नाव आणि एक साल पुरते. पट्टी करवतीचा इतिहास हे उत्तर अपुरे ठरवतो. न्यूबेरीची कल्पना खरी होती, पण तिला सांध्याची वाट पाहावी लागली. सांधा जोडणाऱ्या क्रेपँचे नाव मात्र बहुतेक मुलांच्या कानावरही आलेले नसते. त्यामागे पोलाद सुधारणारे, पट्टीला पाणी देणारे आणि चाकाचा फुगीरपणा घोटून काढणारे कितीतरी हात आहेत, ज्यांची नावे कोठेच नाहीत. पुढच्या वेळी हा प्रश्न काढाल तेव्हा त्यापुढे आणखी एक प्रश्न जोडून पाहा : "आणि तो चालू कोणी केला?" उत्तर एका ओळीत बसणार नाही, पण वर्गात चर्चा नक्की होईल.