चुकीची किंमत (ऑनलाइन दागिने विक्री)

संकेतस्थळावर किंवा ॲपवर दागिन्यापुढे नजरचुकीने पडलेली, विक्रेत्याच्या मनात नसलेली कमी किंमत. या किमतीला कुणी मागणी नोंदवून पैसे भरले, तर दागिना त्याच किमतीला द्यावाच लागतो का, हा यातला वाद. भारतात त्याचे उत्तर कुठल्याही एका कलमात मिळत नाही. भारतीय करार अधिनियम, 1872, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 हे तिन्ही समोर ठेवून ते काढावे लागते. सोन्याच्या बाबतीत आणखी एक साक्षीदार असतो : त्या दिवशीचा भाव.

अलिबाग, रेवदंडा, मुरूड किंवा श्रीवर्धनच्या पेढीवर हा वाद सहसा उभाच राहत नाही. दागिना गिऱ्हाइकासमोर काट्यावर पडतो, फळ्यावरच्या भावाने गुणाकार होतो आणि आकडा चुकला तर सराफ तिथल्या तिथे म्हणतो, “थांबा ताई, घडणावळ धरायची राहिली.” सौदा अजून व्हायचाच असतो. ऑनलाइन दुकानात हे ‘थांबा ताई’ म्हणायला कुणी नसते. तिथे वजन, शुद्धता, घडणावळ आणि खड्यांची किंमत एकदाच भरून ठेवलेली असते. भाव बदलला की किंमत आपोआप बदलते, म्हणून भरताना झालेली चूक कुणाच्या लक्षात येईपर्यंत विकली जात राहते.

चूक कशी दिसते ते एका उदाहरणाने पाहू. 22 कॅरटची ठुशी, वजन 12.400 ग्रॅम, भाव ग्रॅमला 9,000 रुपये धरू. सोन्याचे 1,11,600 रुपये, त्यावर 12 टक्के घडणावळ 13,392, आणि एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी. ठुशी 1,28,742 रुपयांना जाते. वजन भरणाऱ्याचा दशांशबिंदू एक घर डावीकडे सरकून 1.240 झाले, तर तीच ठुशी पडद्यावर 12,874 रुपयांना दिसते. ही ढोबळ चूक. दुसरी चूक अशी ढोबळ नसते. जुना तोळा 11.664 ग्रॅमचा होता, आजच्या व्यवहारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. जुन्या मापाच्या नगाला दहा ग्रॅमचा भाव लागला तर सोन्याच्या किमतीतला जवळपास सातवा हिस्सा गळतो, आणि सणाची सवलत समजून गिऱ्हाईक तो सहज खपवून घेते. कायद्याच्या दृष्टीने या दोन चुका एकसारख्या नाहीत.

पहिला प्रश्न करार झाला की नाही, हा. दुकानात वस्तूवर किंमत लावणे म्हणजे विक्रीचा प्रस्ताव नव्हे, ते प्रस्तावाचे निमंत्रण. इंग्लंडमधल्या बूट्स औषधदुकानाच्या खटल्यात (1953) हे तत्त्व पक्के झाले. त्याआधी 1951 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकफर्सन विरुद्ध अप्पण्णा या कूर्गमधल्या घराच्या सौद्यात याच वळणाचा निकाल दिला होता : ‘दहा हजारांपेक्षा कमी घेणार नाही’ एवढे मालकाने कळवले, म्हणून तो दहा हजारांना विकायला बांधला गेला असे होत नाही. या हिशेबाने संकेतस्थळावरची ठुशी हे निमंत्रण, गिऱ्हाइकाने नोंदवलेली मागणी हा प्रस्ताव, आणि विक्रेत्याने होकार कळवला की करार. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 10अ मुळे तो होकार इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्यावरून करार अमान्य ठरत नाही.

भांडण असते ते होकार कुठला, यावर. पैसे कापले गेल्याचा बँकेचा संदेश हा होकार नव्हे. ‘आपली मागणी मिळाली’ ही नुसती पोच. ‘मागणी निश्चित झाली’ हे मात्र होकाराच्या अगदी जवळ जाते. म्हणूनच बऱ्याच कंपन्या अटींमध्ये लिहून ठेवतात, की माल रवाना होईल तेव्हाच करार झाला असे समजावे आणि किंमत चुकली असल्यास मागणी रद्द करण्याचा हक्क आमच्याकडे राहील. या अटी बारीक अक्षरांत, खालच्या कोपऱ्यात असतात. त्या वाचून दागिना घेणारा माणूस प्रस्तुत लेखकाच्या तरी पाहण्यात नाही.

अशा अटी नेहमीच तारतात असे नाही. ओडिशातल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याने 2014 मध्ये ॲमेझॉनवर 190 रुपयांना दाखवलेला लॅपटॉप मागवला. मागणी निश्चित झाल्याचे कळल्यानंतर थोड्याच वेळात किमतीत चूक झाल्याचे सांगून ती रद्द करण्यात आली. 2021 मध्ये ओडिशा राज्य ग्राहक आयोगाने निश्चिती पाठवल्यावर करार पूर्ण झाला असे मानले आणि नुकसानभरपाई, दंडात्मक भरपाई व खर्च मिळून 45,000 रुपये द्यायला लावले. हा निकाल महाराष्ट्रातल्या आयोगांवर बंधनकारक नाही, पण आधार म्हणून दाखवता येतो.

दुसरा प्रश्न चुकीमुळे कराराचे काय होते, हा. करार अधिनियमाचे कलम 20 सांगते, की महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल दोन्ही पक्षांची चूक असेल तर करार शून्य. कलम 22 प्रमाणे चूक एकाचीच असेल तर केवळ तेवढ्याने करार मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तरसेमसिंग विरुद्ध सुखमिंदरसिंग (1998) या खटल्यात जमिनीची किंमत बिघ्याने की कनालने, यात दोन्ही बाजूंचा घोळ होता. करार शून्य ठरला आणि घेतलेली रक्कम परत करावी लागली. मापाचा घोळ सोन्यालाही नवा नाही. संकेतस्थळावरची चूक मात्र बहुधा एकट्या विक्रेत्याची असते, त्यामुळे कलम 22 त्याच्या विरोधात जाते.

अशा वेळी विक्रेता कलम 13 चा आधार घेतो : संमती म्हणजे दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे. समोरच्याची चूक कळूनही घाईने सौदा पदरात पाडून घेणाऱ्याची संमती त्या अर्थाची नाही, असा हा युक्तिवाद. इंग्लंडमधल्या 1939 च्या हार्टोग खटल्यात सशाची कातडी नगावर विकायची होती, पण लिहिताना भाव पौंड वजनावर पडला. व्यापारातल्या माणसाला ही चूक कळलीच असणार, म्हणून खरेदीदार हरला. सिंगापुरात 2003 मध्ये 3,854 डॉलरचे लेझर प्रिंटर 66 डॉलरला दिसले आणि सहा जणांनी मिळून 1,606 प्रिंटर मागवले. तिथल्या अपील न्यायालयाने 2005 मध्ये करार शून्य ठरवला. आपल्याच वापरासाठी कुणी दीड हजार प्रिंटर मागवत नाही, हा संख्येचा पुरावा त्यांच्या अंगाशी आला.

सोने इतर मालापेक्षा वेगळे ठरते ते इथे. लॅपटॉपची खरी किंमत गिऱ्हाइकाला ठाऊक नसू शकते, साडीची तर नसतेच. सोन्याचा भाव मात्र रोज सगळीकडे जाहीर असतो. रायगड किनाऱ्यावरच्या कोळी-आगरी घरांत सोने हीच बचत, आणि बाजारात मासळीची टोपली घेऊन बसलेल्या बाईलाही आजचा भाव तोंडपाठ असतो. 22 कॅरट, हॉलमार्क, बारा ग्रॅम असे लिहिलेली ठुशी बारा हजारांना, म्हणजे नुसत्या धातूच्या किमतीच्या नवव्या हिश्श्यात दिसली, तर ‘मला वाटलं सवलत आहे’ हे म्हणणे टिकवणे जड जाते. घडणावळीवर सूट असू शकते. मोडीतही जास्त पैसे देईल असा दागिना कुणी सवलतीत काढत नाही.

हा मुद्दा सरसकट लावता येत नाही. पडद्यावर 1.240 ग्रॅम हेच वजन लिहिलेले असेल, तर गिऱ्हाइकाला किंमत वजनाशी जुळतानाच दिसते. शिवाय ‘एक ग्रॅम सोन्याचे दागिने’ म्हणून मुलामा दिलेले नग बाजारात भरपूर असतात आणि त्यांत ठुशी हजार-बाराशेला सहज मिळते. म्हणून वादात किमतीआधी वर्णन पाहावे. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक सक्तीचा आहे. वर्णनात हॉलमार्कचा उल्लेख असेल तर मुलाम्याचा समज पटत नाही, नसेल तर पटू शकतो. हिऱ्याच्या, खड्यांच्या आणि नाममुद्रेवर विकल्या जाणाऱ्या दागिन्यांत धातूचा भाव फारसे काही सांगत नाही. मेक्सिकोत कार्टियरच्या संकेतस्थळावर 2,37,000 पेसोची कर्णभूषणे 237 पेसोंना दिसली. एका तरुण डॉक्टरने दोन जोड घेतले, कंपनीने मागणी रद्द करू पाहिली आणि शँपेनची बाटली देऊ केली. तो तिथल्या ग्राहक यंत्रणेकडे गेला आणि 2024 मध्ये दोन्ही जोड त्याला त्याच किमतीत मिळाले. ते तिथल्या ग्राहक कायद्याच्या जोरावर. आपल्याकडे असाच शेवट होईल असे त्यावरून समजू नये.

चूक खरी नसून आमिष असेल तर प्रश्न करार कायद्यापुरता राहत नाही. विकायचाच विचार नसलेल्या स्वस्त किमतीची जाहिरात ही 2019 च्या अधिनियमात अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आमिषाच्या जाहिरातींवर स्वतंत्र बंधने आहेत. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनुसार गिऱ्हाइकाकडून रद्दीशुल्क घेणाऱ्या कंपनीने स्वतः एकतर्फी मागणी रद्द केल्यास तेवढाच भार सोसावा लागतो. एकदा झालेली आणि लगेच दुरुस्त केलेली चूक, आणि दर धनत्रयोदशीला होणारी ‘चूक’, यांतला फरक आयोगाला कळतो.

ग्राहकाला विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. श्रीवर्धनच्या माणसाला त्यासाठीही दिघी-आगरदांडा फेरीबोट किंवा लांबचा वळसा पडतो, पण तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने मागता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बरीच प्रकरणे पैसे परत मिळून मिटतात. तक्रारीला किमतीसह वर्णनाचे पडदाचित्र, निश्चितीचा संदेश, रद्द केल्याचा संदेश आणि त्या दिवशीचा भाव जोडावा. यांतले पहिले मागणी नोंदवतानाच घ्यावे लागते, कारण चूक लक्षात आल्यावर विक्रेता सर्वांत आधी तेच पान बदलतो.