छंदातून घडलेले पाते

यंत्रयुगात हातची कला लोपणार, असे भाकीत पुष्कळदा केले जाते. अमेरिकेतील सुऱ्यांची हकीकत मात्र निराळी आहे. 1930 नंतरच्या दशकात फ्लोरिडातील संत्रा-बागाईतदार रँडल यांनी मिशिगनमध्ये एकास सुरीने नावेचा रंग खरवडताना पाहिले. पाते तरीही शाबूत! ती सुरी स्केगल या कारागिराची. ती पाहून रँडल छंद म्हणून सुऱ्या घडवू लागले. पुढे त्यांना एवढी मागणी आली की, 1953 मध्ये लव्हलेस नावाच्या खलाशास नऊ महिने थांबावे लागेल, असे सांगण्यात आले. तेव्हा त्याने भंगारातल्या मोटारीची स्प्रिंग आणली, जहाजाच्या भटारखान्यातील शेगडीवर तापवली आणि स्वतःच सुरी घडवली. 1970 मध्ये अशा कारागिरांचा संघ स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांत लव्हलेस होता. एका हातची उत्तम वस्तू पाहून दुसऱ्या हातास स्फुरण चढते. कला टिकते ती अशी.