चूल मांडणं

आमच्या परभणीच्या भागात भाऊ भाऊ वेगळे झाले की 'घरं वेगळी झाली' असं कुणी म्हणत नाही, 'चुली वेगळ्या झाल्या' म्हणतात. लग्नाला सगळं घरदार बोलवायचं तर चूलबंद आवतन देतात. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. नव्या जोडप्यानं संसार थाटला तर त्यानं चूल मांडली. एवढा मान असलेल्या वस्तूचा इतिहास मात्र कुणी लिहून ठेवला नाही. निजामाच्या राज्यात सारा किती होता, कुणाची पाटीलकी कुणाकडं गेली, हे कागदावर सापडतं. चूल कशी घालायची, कुठं घालायची, तिच्यापासून घर आणि माणूस कसं जपायचं, हे कागदावर नाही. कारण ते बायकांच्या हातात होतं. मी दहावी शिकलेला शेतकरी. पण माझ्या मायच्या, काकूच्या आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून जे ऐकलं आणि साठ वर्षांत जे बघितलं, ते लिहून ठेवावं म्हणतो.

चुलीची सुरुवात मातीपासून. आमची जमीन काळी, कापसाची. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिची चूल महिनाभरही धड राहत नाही. म्हणून चुलीला पांढरी माती लागायची. पडक्या भिंतीची, गावठाणाची जुनी पांढरी सगळ्यात चांगली. ती चाळून तिच्यात घोड्याची लीद, गव्हाचा भुसा आणि थोडी राख कालवायची, दोन-चार दिवस भिजत ठेवायची आणि रोज तुडवायची. लीद अन् भुसा का, तर चूल तापली की आतला भुसा जळून जातो, बारीक छिद्रं राहतात, आणि मातीला फुगाय-आकसायला जागा मिळते. मग चूल तडकत नाही. घातलेली चूल सावलीत वाळवायची. पहिल्या दिवशी मोठा जाळ करायचा नाही. चार काटक्यांवर तिला नुसती शेकायची.

जागेचे नियमही ठरलेले. दाराच्या समोर चूल नको, वारा थेट येतो आणि जाळ बाहेर काढतो. लाकडी खांबापासून दोन हात लांब. पाठीशी मातीची भिंत. चुलीजवळ फक्त त्या वेळेपुरतं सरपण, बाकीचा भारा बाहेर. रात्री भाकरी झाल्या की अर्धी जळालेली लाकडं ओढून पाणी शिंपडायचं, विस्तव राखेत दाबायचा. सकाळी राख बाजूला केली की इस्तू तयार. काडीपेटी महाग होती, म्हणून शेजारणी एकमेकींकडं इस्तू मागायच्या. तोही गवरीवर उघडा न्यायचा नाही. खापरात घालून, वर राख टाकून न्यायचा. चैत्र-वैशाखात वावटळीच्या वेळी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या तेवढाही देत नसत. "थांब माय, वारं पडू दे," म्हणायच्या. गावात कडब्याच्या गंजी, कुडाची सपरं. एक ठिणगी गल्ली खाऊन टाकील हे त्यांना माहीत होतं. कुठल्या पुस्तकात नसलं तरी हे शास्त्रच होतं.

पण या शास्त्रात एक मोठी उणीव राहिली. आगीपासून कसं जपायचं ते होतं, धुरापासून कसं जपायचं ते नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात जंगल नावालाच. सरपण म्हणजे पऱ्हाटी, तुराटी, ज्वारीची धसकटं, गवऱ्या आणि कुठं बाभूळ. १९७२ च्या दुष्काळात तर पऱ्हाटीही नव्हती. लोकांनी मुळ्या-खुंटं खणून आणली. पऱ्हाटी भरकन पेटते आणि भरकन विझते. तिला सारखं पुढं सारावं लागतं, फुंकणी हातातून सुटत नाही. म्हणजे बाईचं तोंड चुलीच्या तोंडाजवळच. आमची घरं माळवदाची. धूर जायला छताला एक साणं, म्हणजे हातभर भोक. पावसाळ्यात तेही झाकलेलं. बाप्या माणसं ढाळजेत बसत, त्यांच्यापर्यंत धूर येत नसे. म्हणूनच कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बायकांचे डोळे वाहत, म्हातारपणी छाती भरून येई, आणि सगळे म्हणत, "वयच झालं की आता." माझ्या मायनं कधी विडी ओढली नाही, पण तिचा खोकला विडी ओढणाऱ्या बाप्यांपेक्षा वाईट होता.

हा धूर पहिल्यांदा गांभीर्यानं घेतला गेला तो आपल्याच आसपास. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याची मगनवाडी हे त्याचं ठाणं आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे कर्ते. तिथल्या कामातून पुढं 'मगन चूल' आली. एका विस्तवावर एकापेक्षा जास्त भांडी आणि धूर बाहेर नेणारं धुराडं, अशी तिची मांडणी. दुसरं काम हैदराबादेत झालं. तिथल्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल बनवली. १९५३ साली त्यांची पुस्तिका निघाली. कोट्यवधी घरांत निर्धूर स्वयंपाकघर कसं होईल, हा तिचा विषय. परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता, १९५६ पर्यंत. म्हणजे आमच्या राजधानीत धुरावरचा इलाज तयार होता. पण आमच्या दुधनेकाठी तो यायला आणखी तीस वर्षं गेली.

दरम्यान १९८१ साली कर्क स्मिथ नावाचे अमेरिकन संशोधक आणि त्यांचे भारतीय सोबती गुजरातच्या खेड्यांत गेले. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा मोजायची यंत्रं लावून, त्या किती धूर ओढतात ते त्यांनी मोजलं. शहरातल्या हवेला जी मर्यादा घालतात तिच्या कितीतरी पट धूर त्या रोज घेत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०२० या एका वर्षात घरातल्या असल्या धुरानं जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. त्यात लहान लेकरंही होती.

१९८३ च्या सुमारास केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ पर्यंत चालला आणि देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. आमच्या गावातही त्या काळात निर्धूर चुली आल्या. घालणारा माणूस सकाळी आला आणि संध्याकाळपर्यंत पाच घरांत चुली घालून गेला. पहिले दोन-तीन महिने बायका खूश होत्या. भांडी काळी होईनात, डोळे चुरचुरेनात. मग एकेक गोष्ट पुढं आली.

चुलीचं तोंड लहान. पऱ्हाटी लांब आणि वाकडी. ती तोडून बारीक करायची तर कामाला आणखी एक काम. आणि भाकरी? तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी, आरावर उभी करून फुगवतात. तिथं जागाच नव्हती. मग काकूनं विळ्याच्या पाठीनं चुलीचं तोंड मोठं केलं. तोंड मोठं झालं तशी हवा जास्त शिरली आणि आतली ओढ मोडली. मागच्या भोकावर भांडं नसलं की तिथून धूर येई. धुराड्यात काजळी साठली, ती काढायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी सगळा धूर उलटा घरात. वर बायका असंही म्हणायच्या, की धूर गेला तशी आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना कीड लागायला लागली आणि डास वाढले. बियाण्याच्या बाबतीत त्यात तथ्य होतं. दोन-तीन वर्षांत पाचही चुली फोडून पुन्हा जुन्या घातल्या. धुराड्याचे पाईप पुढं गोठ्याच्या पन्हाळीला लागले.

हे आमच्याच गावचं नाही. पुढं नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सोबत्यांनी ओडिशात दोन हजारांहून जास्त घरांत अशा चुली वर्षानुवर्षं तपासल्या. पहिल्या वर्षी धूर कमी भरला. नंतर फरक उरला नाही. कारण चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, दुरुस्त केल्या गेल्या नाहीत. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं १९९६ साली 'आरती' संस्था निघाली, तिनंही चुलींवर बरंच काम केलं. लक्ष्मी, पार्वती, गृहलक्ष्मी अशी या महाराष्ट्रातल्या चुलींची नावं. चुली चांगल्या होत्या. पण चूल कितीही चांगली असली तरी तिची मांडणी आणि निगा यांवरच सगळं येऊन थांबतं. इतक्या वर्षांत मला कळलं ते एवढंच.

आता कुणी म्हणेल, गॅस आला, चुलीचं काय घेऊन बसलात. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गावोगाव टाक्या गेल्या. पण आमच्याकडं येऊन बघा. चहा आणि भाजी गॅसवर. आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर. टाकीचा भाव हजाराच्या वर गेला तेव्हा तर गॅसवर कापड टाकून ठेवलेलं बघितलं. म्हणजे चूल गेली नाही. आणि चूल-टाकी एका घरात नांदायला लागल्यापासून नवीन धोका आला. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. आपली चूल जमिनीवर, विस्तवही जमिनीवर. म्हणून टाकी आणि चूल एका खोलीत कधीच नको. गॅस घरात ओट्यावर, चूल बाहेर सपरात किंवा पडवीत.

चूल घरातच ठेवायची असेल तर धुराडं हवंच. ते माळवदातून वर काढताना नीट बघा. आपल्या माळवदात तुळया, वर आडवी लाकडं, त्यावर पाला-चिपाडं आणि मग माती. तापलेला पाईप लाकडाला रोज टेकला तर लाकूड आतल्या आत कोळसतं आणि एखाद्या दिवशी पेट घेतं. म्हणून पाईप आणि लाकूड यांच्यात चहूबाजूंनी वीतभर अंतर ठेवून तिथं मातीचा लपेटा द्यावा. धुराडं छताच्या वर दोन-अडीच फूट आणि जवळच्या भिंतीपेक्षा उंच असावं; ठेंगणं राहिलं तर वारा धूर खाली लोटतो. वर पावसासाठी टोपी, पण धुराला वाट सोडून. चूल पेटवताना आधी वाळक्या काटक्यांचा भडका करावा. धुराडं तापलं की ओढ धरतं. मागच्या भोकावर कायम भांडं किंवा झाकण. सरपण वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचा धूर डांबरासारखा चिकटतो आणि पुढं तीच काजळी धुराड्यात पेटते. रॉकेल ओतून, प्लास्टिकची पिशवी नाहीतर टायरचा तुकडा घालून चूल पेटवू नये. पदर खोचलेला असावा. नायलॉनचं लुगडं पेटलं तर विझत नाही, अंगाला चिकटतं. भाजलंच तर वाहतं गार पाणी वीस मिनिटं. शेण, शाई, टूथपेस्ट काही लावू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं बाळंतिणीच्या खोलीचं. दारं-खिडक्या लावायच्या, फटीत चिंध्या कोंबायच्या आणि बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची, ही आपली जुनी रीत. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर नाही म्हणून आपण बिनघोर असतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. माणूस झोपला तो उठत नाही. बाळाचा जीव तर केवढासा. शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवून, कुणीतरी जागं असताना द्यावा आणि शेगडी बाहेर नेऊनच झोपावं. थंडीत बंद खोलीत शेगडी घेऊन निजणाऱ्या म्हाताऱ्यांनाही हेच लागू.

हल्ली कुणी मला चूल कशी घालावी असं विचारलं तर मी म्हणतो, मला नको, तिच्यापुढं जी बसणार आहे तिला विचारा. तोंड केवढं हवं, भाकरी कुठं उभी करणार, जळण काय घालणार, हे तिला ठाऊक. गड्यानं आपल्या वाट्याचं काम करावं. अमावास्येला आपण औत धरत नाही, बैलांना विसावा असतो. त्या दिवशी लांब काठीला गोणपाट बांधून माळवदावर चढावं, धुराडं वरून खालपर्यंत झाडावं आणि खाली पडलेली काजळी आपल्याच हातानं उचलावी. वर्षात बारा वेळा. अर्ध्या तासाचं काम आहे.