व्हॅलेंटाइनचे पत्र आणि हुंडा

१४ फेब्रुवारी जवळ आला की संत व्हॅलेंटाइनने सैनिकांची लग्ने चोरून लावल्याची गोष्ट हमखास ऐकू येते. मला ती कधी पटली नाही. ती फार नंतरची दंतकथा. या दिवसाला प्रेमाशी जोडले ते १४व्या शतकात चॉसर या इंग्रज कवीने. त्याच्या काव्यात पक्षी या दिवशी जोडीदार निवडतात.

इंग्रजीतले सर्वांत जुने ज्ञात व्हॅलेंटाइन पत्र फेब्रुवारी १४७७चे. नॉरफोकच्या मार्जरी ब्रूजने ते लेखनिकाकडून लिहवून जॉन पास्टनला पाठवले. त्यात गुलाब नाही. आहे ती हुंड्याची विवंचना! आईने खूप मनधरणी केली, पण वडील रक्कम वाढवत नाहीत. खरे प्रेम असेल तर मला सोडू नका, अशी विनवणी. त्याच वर्षी दोघांचे लग्न झाले. पत्र ब्रिटिश लायब्ररीत आहे.